साखरेऐवजी गोळी : कर्करोगाच्या वादात मागे पडलेला वजनाचा प्रश्न

२०२३ साली दोन महिन्यांच्या अंतराने दोन बातम्या आल्या आणि साखर सोडून गोळी किंवा पुडी वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेला पर्याय म्हणून स्वीटनर, म्हणजे साखरेविना गोड चव देणारे पदार्थ, वापरू नका. जुलैमध्ये याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांतल्याच एकाची, म्हणजे अ‍ॅस्पार्टेमची गणना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात केली. पहिली बातमी उपयोगाबद्दल होती, दुसरी धोक्याबद्दल. बऱ्याच जणांनी दोन्हींचे एकच तात्पर्य काढले : म्हणजे साखरच बरी. असे कोणीही म्हटले नव्हते.

ही गल्लत जुनी आहे. स्वीटनर घातक आहे का आणि स्वीटनरने वजन उतरते का, हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्यावर शंभराहून अधिक वर्षे कायदे झाले, बंदी आली, बंदी उठली. दुसरा प्रश्न तपासायला मात्र फार उशीर झाला. असे का झाले, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फाल्बर्ग हा रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून निघणाऱ्या संयुगांवर काम करत होता. एका रात्री जेवताना त्याला पाव विलक्षण गोड लागला. तोंड पुसले तर रुमालही गोड. हात न धुताच तो जेवायला बसला होता. तो तसाच उठून प्रयोगशाळेत गेला आणि टेबलावरच्या एकेका भांड्यातली चव घेत सुटला. त्यातून सॅकरिन हाती लागले. साखरेच्या तीनशे पटींहून अधिक गोड, आणि शरीर ते पचवत नाही, जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणून त्यातून कॅलरी मिळत नाहीत. फाल्बर्गने पुढे स्वतःच्या नावावर पेटंट घेतले आणि रेमसन यांना त्याचा राग कायम राहिला.

सॅकरिनचा पहिला खरा आधार मधुमेहींना झाला. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते १९२२ साली. तोपर्यंत मधुमेहावर पथ्य सोडून हाती काही नव्हते, आणि त्या कडक पथ्यात गोड चव देणारी ही एकच सोय होती. वजनाचा तेव्हा संबंधही नव्हता.

उलट, कॅलरी नसणे हाच तेव्हा सॅकरिनचा दोष मानला गेला. अमेरिकेतले अन्नभेसळविरोधी अधिकारी हार्वी वायली यांचे म्हणणे होते, की डबाबंद मक्यात साखरेऐवजी सॅकरिन घालणारा कारखानदार गिऱ्हाइकाला फसवतो. माणसाला वाटते पोटात साखर गेली, प्रत्यक्षात जाते डांबरापासून केलेले, पोषणमूल्य नसलेले रसायन, तेही अपायकारक. हे त्यांनी १९०८च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या तोंडावर सांगितले. रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरिन देत असत. ते भडकले आणि सॅकरिनला अपायकारक म्हणणारा मूर्ख आहे, असे त्यांनी सुनावले. तरीही १९१२पर्यंत तयार खाद्यपदार्थांत सॅकरिन घालण्यावर बंधन आले. मधुमेहींसाठी ते चालू राहिले. बंधनामागचे मुख्य कारण विषारीपणा नव्हते. सॅकरिनने अन्नाचा कस कमी होतो, हे होते. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका तपशील वाटतो. ज्या शून्य कॅलरींसाठी आज लोक जास्त पैसे मोजतात, त्याच शून्याला तेव्हा भेसळ ठरवले गेले. पदार्थ तोच होता. फरक एवढाच, की उपासमारीची धास्ती असलेल्या समाजात साखर ही ताकद होती.

पहिल्या महायुद्धात साखरेचा तुटवडा पडला आणि सॅकरिन घराघरांत पोचले. टंचाई सरली, की लोक साखरेकडे वळत.

चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. सुबत्ता आली, वजने वाढली, सडपातळ दिसण्याची ओढ वाढली. सायक्लामेट हे दुसरे स्वीटनर १९३७ सालीच इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा यांना सापडले होते. ते सॅकरिनमध्ये मिसळले, की सॅकरिनची कडवट चव झाकली जाई. या मिश्रणावर डाएट पेयांचा सारा धंदा उभा राहिला आणि मधुमेहींसाठीची वस्तू निरोगी माणसाच्या हातात गेली. त्या वळणावर कोणीतरी विचारायला हवे होते, की याने वजन खरेच उतरते का? विचारले गेले नाही. हिशेब उघड वाटत होता. ग्रॅमभर साखरेत चार कॅलरी, गोळीत शून्य, म्हणजे वजन उतरणारच. शरीर वाचवलेल्या कॅलरी दुसरीकडून भरून काढते का, हे पाहण्याची कोणाला गरज भासली नाही.

लक्ष सारे कर्करोगाकडे वळले. १९५८च्या अमेरिकी कायद्यात डिलेनी कलम आले : प्राण्यांत किंवा माणसांत कर्करोग होतो असे दिसले, तर ते रसायन अन्नात चालणार नाही, मग मात्रा कितीही असो. १९६९मध्ये सायक्लामेट-सॅकरिनचे मिश्रण प्रचंड प्रमाणात दिलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या आणि अमेरिकेत सायक्लामेट बंद झाले. युरोपात ते आजही चालते. सायक्लामेटविरुद्धच्या संशोधनाला साखर उद्योगाने पैसा पुरवला होता, हेही विसरू नये.

१९७७मध्ये सॅकरिनची पाळी आली. कॅनडातल्या प्रयोगात उंदरांना पुन्हा मूत्राशयाचा कर्करोग झाला. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने बंदीचा प्रस्ताव मांडताच लोक खवळले, कारण तोवर बाजारात परवानगी असलेले दुसरे स्वीटनरच उरले नव्हते. अमेरिकी संसदेने बंदी रोखली आणि वेष्टनावर इशारा छापायला लावला. तो इशारा २००० साली निघाला. दरम्यान कळले होते, की उंदराच्या, विशेषतः नराच्या, लघवीत सॅकरिनच्या मोठ्या मात्रेने बारीक स्फटिक तयार होतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत खरवडतात आणि त्यातून गाठी होतात. माणसाच्या लघवीची घडण वेगळी असल्याने तसे घडत नाही. हा खुलासा व्हायला दोन दशके गेली, पण मनातली भीती काही त्या इशाऱ्याबरोबर पुसली गेली नाही.

अ‍ॅस्पार्टेम १९६५मध्ये अल्सरच्या औषधावर काम करताना जेम्स श्लॅटर यांच्या बोटाला लागले. त्याला १९७४मध्ये परवानगी मिळाली, लगेच थांबली, आणि १९८१मध्ये पुन्हा मिळाली. सुक्रलोज १९७६मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाने ‘तपास’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘चाख’ असा ऐकून ते चाखल्यामुळे उजेडात आले. हात न धुणे, बोट चाटणे, ऐकण्यात चूक होणे : यातला एकही शोध वजन घटवण्यासाठी कोणी मुद्दाम लावलेला नाही.

साखरेची बाजू या काळात फारशी तपासली जात नव्हती, आणि त्यालाही कारण होते. १९६७मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयरोगाचा दोष चरबीवर ठेवणारा आढावा प्रसिद्ध केला. त्यासाठी साखर उद्योगाच्या संशोधन प्रतिष्ठानने पैसे मोजले होते, हे जुन्या कागदपत्रांवरून उघड झाले २०१६ साली. मधल्या काळात ‘लो फॅट’ची लाट आली, आणि चरबी काढून बेचव झालेल्या कितीतरी पदार्थांत साखर घातली गेली.

वजनाचा प्रश्न नीट विचारला गेला तो एकविसाव्या शतकात. मला त्यातला नेदरलँड्समधला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सर्वांत पटतो. साधारण पाच ते अकरा वर्षांची ६४१ मुले, गोड पेये पिण्याची सवय असलेली. अर्ध्यांना रोज २५० मिलीलिटरचा साखरेचा डबा, अर्ध्यांना तेवढाच स्वीटनरचा. डबे दिसायला सारखे. कोणाला काय मिळते, हे मुलांनाही ठाऊक नव्हते. दीड वर्षाने साखरवाल्यांचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले होते, स्वीटनरवाल्यांचे ६.३५ किलोने. वाढत्या वयाची मुले, म्हणून वजन दोघांचेही वाढले. फरक पडला एका किलोचा. थोडा, पण खरा.

मग जागतिक आरोग्य संघटना ‘वापरू नका’ का म्हणते? तिने केलेल्या आढाव्यात माणसांवरच्या नियंत्रित प्रयोगांत स्वीटनरवाल्यांचे वजन सरासरी ७०० ग्रॅमने कमी भरले, पण बहुतेक प्रयोग अल्पकाळाचे होते. वर्षानुवर्षे लोकांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासांत उलटे दिसले : स्वीटनर वापरणाऱ्यांत लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त. यात एक मोठी अडचण आहे. वजन वाढू लागले, की माणूस गोळीकडे वळतो. मग गोळीमुळे वजन वाढले की वजनामुळे गोळी आली, हे नोंदींवरून सांगता येत नाही. म्हणूनच संघटनेने ही शिफारस सशर्त ठेवली आणि आधीच मधुमेह असलेल्यांना तीतून वगळले. साखरेबद्दलचे तिचे २०१५चे म्हणणे तसेच आहे : पदार्थांत घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत. साध्या कोलाच्या ३३० मिलीलिटरच्या एका डब्यात ३५ ग्रॅम साखर असते. तो डबा रोज पिणाऱ्याला स्वीटनरकडे वळून फायदा होतो. पाणी पिणाऱ्याने स्वीटनर सुरू करून वजन उतरेल, असा पुरावा नाही.

अ‍ॅस्पार्टेमच्या २ब गटाचेही तसेच. तो गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट पेयाचे ९ ते १४ डबे लागतील.

आता प्रश्न आतड्यांतल्या जिवाणूंचा आहे : त्यांच्यावर परिणाम करून स्वीटनर रक्तशर्करा बिघडवते का? २०२२मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने १२० निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रलोज दोन आठवडे घेतल्यावर काहींची रक्तशर्करा पूर्वीपेक्षा जास्त चढू लागली, काहींना फरक पडला नाही. हे वर्षानुवर्षे कसे चालते, ते पाहायला दीर्घ अभ्यास लागतील, आणि ते आता अवघड होत चालले आहेत. ब्रिटनने २०१८मध्ये १०० मिलीलिटरमागे ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर बसवला, तेव्हा कंपन्यांनी साखर उतरवली आणि अनेकांनी तिची जागा स्वीटनरने भरली. वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरे न वाचणारा माणूसही आता स्वीटनर घेतो आणि आपण घेत नाही असे समजतो. नोंदीत तो ‘न घेणारा’ म्हणूनच जातो.