स्लीव्हमोर: दुष्काळात ओस पडलेलं गाव की बुली?

आयर्लंडला जाऊन आलेल्यांच्या फोटोंखाली एक ओळ हमखास सापडते: ‘दुष्काळात एका रात्रीत ओस पडलेलं गाव’. फोटो अकिल बेटावरचा. स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी जुन्या वाटेच्या कडेनं ऐंशी-शंभर दगडी घरं, एकावरही छप्पर नाही. ती ओळ वाचली की मला राहवत नाही.

दुष्काळ बहुतेकांना माहीत असतो. १८४५पासून बटाट्यावर करपा, सुमारे दहा लाख मृत्यू, तेवढेच लोक परदेशी. (‘दुष्काळ’ म्हटलं की आपल्याला कोरड्या विहिरी दिसतात. तिथं पाऊस भरपूर होता आणि ओल्या हवेतच करपा फोफावला. मराठीत लिहिताना हे सांगायलाच हवं.)

खरा घोळ बुलीचा आहे. बुली म्हणजे उन्हाळ्यातली गुरांची वस्ती, जवळपास आपलं गोठणच, पण राहत्या घरांसकट. मेच्या सुरुवातीला गुरं वरच्या कुरणात जायची, सोबत बहुतेक तरुण मुली. तिथंच धारा काढायच्या, लोणी घुसळायचं. खाली शेतातलं पीक गुरांच्या तोंडापासून वाचायचं. नोव्हेंबर लागताना सगळे परत. म्हणजे बुलीतली घरं दरवर्षी रिकामी व्हायचीच. रिकामं घर दिसलं म्हणून माणसं मेली असं नव्हे.

स्लीव्हमोरला लोक चकतात, कारण तीच घरं आधी गाव होती आणि नंतर बुली झाली. आधी तिथं कुटुंबं बारमाही राहायची. घरांभोवती बटाट्याचे उंच वरंबे उतरत्या उन्हात आजही स्पष्ट दिसतात. मग पीक गेलं, खंड थकला, जमीनदारांनी लोकांना हुसकावलं. कुणी मेलं, कुणी बोटीनं देश सोडला. पण बरेच जण जवळच डूआला, समुद्रकाठी जाऊन राहिले आणि उन्हाळ्यात गुरं घेऊन याच जुन्या घरांत येत राहिले. विसाव्या शतकातही इथं चुली पेटत होत्या.

म्हणून ‘एका रात्रीत’ हे शब्द मला अजिबात खपत नाहीत, आणि ‘भुतांचं गाव’ तर त्याहून नाही. फोटोखाली ‘सोडलेलं गाव’ लिहा. तिथले लोकही तेच म्हणतात.