खदानीतलं शृंगी घुबड

आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नेतं, रोज घासत बसतं, अन् दगड झिजेल तसा मारणारा माणूसही झिजतो. नागपूरच्या गिट्टीखदान वस्तीतल्या पोरांना दगडांची काय कमी? पण घुबडावर नेम धरायची हिंमत आम्हाला कधी झाली नाही.

दगडाशी खरंखुरं नातं असलेलं घुबड म्हणजे शृंगी घुबड. कपारी, नाल्यांचे उभे काठ, बंद पडलेल्या खदानी ही त्याची आवडती ठिकाणं. घरटं असं नसतंच. कपारीत उघड्या मातीवर मादी अंडी घालते. पहिलं अंडं पडताच ती उबवायला बसते, म्हणून पिल्लंही मागेपुढे बाहेर येतात आणि थोरलं-धाकटं लगेच ओळखू येतं.

आपल्या ओळखीचा पिंगळा जेमतेम 21 सेंटिमीटरचा. हे 50 ते 56. डोक्यावरची ‘शिंगं’ म्हणजे नुसते पिसांचे तुरे. कान तेही नव्हेत, खरे कान बाजूला पिसांखाली झाकलेले असतात.

नारिंगी डोळे मात्र खरोखर अजब. ते आपल्यासारखे गोल नसून नळीसारखे असतात आणि खोबणीत फिरत नाहीत. बाजूला पाहायचं तर मानच वळवावी लागते, आणि ती एका बाजूला 270 अंशांपर्यंत वळते. आपल्या मानेत 7 मणके, घुबडाच्या 14. पण एवढ्या पिळात रक्तवाहिन्या आवळल्या कशा जात नाहीत? 2013 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मेलेल्या घुबडांच्या रक्तवाहिन्या तपासून याचं उत्तर दिलं. मणक्यांतल्या ज्या छिद्रांतून मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी जाते, ती तिच्यापेक्षा सुमारे दहापट रुंद असतात. त्यामुळे तिला हलायला जागा मिळते. शिवाय कवटीच्या तळाशी रक्तवाहिन्या फुगून रक्त साठवतात, म्हणजे मान वळलेली असतानाही मेंदूचा पुरवठा तुटत नाही.

शिकार मुख्यतः उंदीर-घुशींची. न पचलेली हाडं आणि केस गोळी करून ते तोंडावाटे टाकतं. बसायच्या जागेखाली अशी गोळी सापडली तर काडीनं फोडून पाहा, उंदराचे जबडे अख्खे निघतात. शेतकऱ्याचं एवढं काम करणाऱ्या या पक्ष्याला दिवाळीत जादूटोण्यापायी मारतात, हे मला आजीच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतिदायक वाटतं.

बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात त्या दिवसांत, फेब्रुवारीच्या सुमारास, ते सगळ्यात जास्त बोलतं. दिवेलागणीला खदानीच्या कडेवरून दोन सूर येतात, दुसरा लांबट: बू... बोऽऽ. रिकाम्या माठात कुणी फुंकावं तसे.