कोकण पदवीधर मतदारसंघ: मतदार नोंदणीसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

26 जून 2024 रोजी विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघासाठी मतदान झाले, तेव्हा कोपरखैरण्यातील आमच्या सोसायटीतले दोन पदवीधर शेजारी मतदार ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेले आणि यादीत नाव नाही म्हणून तसेच परत आले. त्यांपैकी एकाने महिनाभरापूर्वी, 20 मे रोजी, लोकसभेसाठी मत दिले होते, तर दुसऱ्याने 2018 मध्ये याच पदवीधर मतदारसंघात मतदान केले होते. एकदा यादीत नाव आले की ते कायमचे राहते, अशी दोघांचीही समजूत होती. लोकसभा आणि विधानसभेच्या बाबतीत ती बहुतांशी खरी असली, तरी पदवीधर मतदारसंघाच्या बाबतीत ती पूर्णपणे चुकीची आहे.

पदवीधरांची मतदारयादी स्वतंत्र असते आणि ती मतदारसंघाच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी, म्हणजे दर सहा वर्षांनी, नव्याने तयार केली जाते. जुन्या यादीतील एकही नाव आपोआप पुढच्या यादीत जात नाही. मागील तीन निवडणुकांत मत दिलेल्या ज्येष्ठ नागरिकालाही पुन्हा नमुना 18, म्हणजे पदवीधर मतदार नोंदणीचा अर्ज, भरून, पुन्हा पदवीचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो. ही अट जाचक वाटते आणि काही अंशी ती आहेही. पण ती माहीत नसल्यामुळेच सर्वाधिक पदवीधर मताला मुकतात, म्हणून ती सर्वांत आधी सांगितली.

ज्या सभागृहासाठी हा खटाटोप करायचा, तेथे दिवसभरात काय चालते, हेही थोडक्यात पाहणे योग्य ठरेल. महाराष्ट्र विधान परिषदेत 78 सदस्य असतात. त्यांपैकी 30 विधानसभेच्या आमदारांकडून, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, प्रत्येकी 7 पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात आणि 12 राज्यपालनियुक्त असतात. सभागृह कधीही विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. सर्वसाधारण दिवशी सभापती स्थानापन्न झाल्यानंतर प्रश्नोत्तरांचा तास होतो. त्यात तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. विद्यापीठाचे निकाल का लांबले, विनाअनुदानित शाळांच्या अनुदानाचा टप्पा कुठे अडला, भरतीची जाहिरात कधी निघणार, अशा प्रश्नांवर मंत्र्यांना सभागृहात उभे राहून बोलावे लागते ते येथेच. त्यानंतर कागदपत्रे सभागृहापुढे ठेवली जातात, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचना, औचित्याचे मुद्दे आणि विशेष उल्लेख येतात, शासकीय विधेयके घेतली जातात आणि वेळ उरल्यास नियम 97 अन्वये अल्पकालीन चर्चा किंवा अर्धा तास चर्चा होते. गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालण्यासाठी, किमान 10 सदस्य उपस्थित असावे लागतात. धन विधेयकाबाबत, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाविषयीच्या विधेयकाबाबत, परिषदेचा अधिकार मर्यादित आहे. ते विधानसभेतच मांडले जाते आणि परिषदेने 14 दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींशिवाय ते परत पाठवायचे असते. साधे विधेयकही परिषद फार तर काही महिने रोखून धरू शकते. मात्र प्रश्न विचारण्याच्या आणि लक्षवेधी मांडण्याच्या अधिकाराला अशी कात्री नाही, आणि पदवीधरांच्या प्रतिनिधीचा खरा उपयोग माझ्या मते तेथेच होतो.

मतदारसंघाची हद्द

कोकण पदवीधर मतदारसंघात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे येतात. नवी मुंबईकरांचा गोंधळ येथे होतो. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, उलवे रायगड जिल्ह्यात आहेत. परंतु मतदारसंघ एकच असल्याने फरक फक्त अर्ज कोणत्या तहसील कार्यालयात द्यायचा एवढाच पडतो. याउलट मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे किंवा वाशीच्या खाडीपुलापलीकडे मानखुर्दला राहणारा पदवीधर मुंबई पदवीधर मतदारसंघात मोडतो. येथे नोकरीचे ठिकाण नव्हे, राहण्याचे ठिकाण पाहिले जाते. ठाण्यात राहून अंधेरीला नोकरी करणारा कोकणचा मतदार होऊ शकतो. घोडबंदर रस्त्यावर सदनिका घेऊन ती भाड्याने देणारा आणि स्वतः दादरला राहणारा होऊ शकत नाही, कारण केवळ घराची मालकी म्हणजे सर्वसाधारण रहिवास नव्हे.

पात्रता

अर्जदार भारताचा नागरिक आणि मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा, आणि अर्हता दिनांकापूर्वी (पात्रता ज्या तारखेला धरली जाते त्या तारखेपूर्वी) किमान तीन वर्षे तो भारतातील विद्यापीठाचा पदवीधर असावा किंवा पदवीशी समतुल्य ठरवलेली अर्हता त्याने तितकाच काळ धारण केलेली असावी. अर्हता दिनांक 1 नोव्हेंबर हा असतो. ही तीन वर्षे पदवी परीक्षेचा निकाल विद्यापीठाने जाहीर केल्याच्या तारखेपासून मोजली जातात. दीक्षान्त समारंभ पुढे कधी झाला किंवा प्रमाणपत्र हातात केव्हा पडले, याला येथे महत्त्व नाही, आणि पदव्युत्तर शिक्षण चालू असले तरी मोजणी पहिल्या पदवीपासूनच होते. पदविकाधारकांनी मात्र आपली पदविका शासनाने समतुल्य म्हणून निर्दिष्ट केली आहे का, हे आधी पाहावे. प्रत्येक पदविका चालत नाही.

गंमत अशी की मतदाराला पदवी अनिवार्य असली, तरी या मतदारसंघातून उभे राहणाऱ्या उमेदवाराला ती अनिवार्य नाही. त्याचे वय किमान 30 वर्षे असावे आणि तो राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार असावा, एवढे पुरते. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच हा मुद्दा निकाली काढला आहे.

माध्यमिक किंवा त्यावरील स्तरावर अध्यापन करणाऱ्यांसाठी वेगळा शिक्षक मतदारसंघ आहे. त्याचा अर्ज नमुना 19 मध्ये असतो आणि मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे अध्यापन केल्याचा दाखला त्याला लागतो. दोन्ही अटी पूर्ण करणारी व्यक्ती दोन्ही याद्यांत नाव नोंदवू शकते.

कागदपत्रे

नमुना 18 सोबत अलीकडील छायाचित्र, रहिवासाचा पुरावा आणि पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडावी. साक्षांकन पदनिर्देशित अधिकारी, राजपत्रित अधिकारी किंवा नोटरी यांच्याकडून चालते. अर्ज स्वतः नेऊन देणार असाल, तर मूळ प्रमाणपत्र सोबत ठेवावे, म्हणजे पडताळणी तेथेच होते. अर्जावर विधानसभेच्या यादीतील तपशील आणि ओळखपत्राचा क्रमांक विचारला जातो, तो आधीच टिपून ठेवावा.

सर्वाधिक अडचण नावाची येते. पदवीवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडावे. अनेक घरांत हे दोन्ही नसतात, आणि विवाह नोंदणीचा दाखला महापालिकेकडून मिळेपर्यंत अर्जाची मुदत निघून जाते. म्हणून हे काम ऑक्टोबरची वाट न पाहता आधीच उरकावे. खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अर्ज कोठे आणि केव्हा

या मतदारसंघाचे मतदार नोंदणी अधिकारी कोकण विभागाचे विभागीय आयुक्त असतात आणि त्यांचे कार्यालय सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे. प्रत्यक्षात अर्ज देण्यासाठी तेथपर्यंत जावे लागत नाही, कारण तहसील कार्यालये आणि सूचनेत जाहीर केलेली अन्य ठिकाणेही अर्ज स्वीकारतात. गठ्ठ्याने आणून दिलेले अर्ज घेतले जात नाहीत, मग ते राजकीय पक्षाने आणलेले असोत वा एखाद्या मंडळाने. त्याला अपवाद दोनच आहेत: संस्थाप्रमुख आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवू शकतात आणि कुटुंबातील एक व्यक्ती त्याच पत्त्यावरील इतरांचे अर्ज देऊ शकते. कार्यकर्ता घरी येऊन अर्ज भरून घेऊन गेला म्हणजे काम झाले, असे समजू नये. पोच हाती आली तरच अर्ज पोहोचला असे धरावे.

जाहीर सूचना साधारण 1 ऑक्टोबरच्या सुमारास निघते आणि त्याच महिन्यात वर्तमानपत्रांतून दोनदा पुन्हा प्रसिद्ध होते. 2023 मध्ये अर्जाची अखेरची तारीख 6 नोव्हेंबर होती. त्यानंतर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात प्रारूप यादी आणि 30 डिसेंबरला अंतिम यादी आली. प्रारूप यादीत आपले नाव, वय आणि पत्ता तपासून चूक असल्यास दावे व हरकतींच्या मुदतीतच अर्ज करावा. अंतिम यादीनंतरही काही काळ पुरवणी नोंदणी चालते, पण ती उमेदवारी अर्जांच्या मुदतीपूर्वी थांबते आणि तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते.

2024 मध्ये निवडून आलेले निरंजन डावखरे यांची मुदत 2030 च्या जुलैपर्यंत आहे. नेहमीचा क्रम पाळला गेला, तर पुढची नवी यादी 2029 च्या ऑक्टोबरपासून तयार होईल आणि तिचा अर्हता दिनांक 1 नोव्हेंबर 2029 असेल. म्हणजेच ज्यांच्या पदवीचा निकाल ऑक्टोबर 2026 अखेरपर्यंत लागला असेल, ते त्या यादीसाठी पात्र ठरतील. त्यानंतर निकाल लागलेल्यांना सहा वर्षांनी येणाऱ्या निवडणुकीची वाट पाहावी लागेल.