जुनी चांदीची नाणी घासावीत का?

खानापूर-निपाणीकडे शिवारात नाण्यांचं गाडगं निघाल्याची गोष्ट निघाली की एक सल्ला हमखास मिळतो: चिंच-मीठ लावून लख्ख घासा, किंमत वाढते, काळं राहिलं ते खोटं.

खरं उलट आहे. काळा थर म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग; हिरवा थर मिश्रणातल्या तांब्याचा. दोन्ही अस्सल नाण्यांवर येतात. काळ्या पडलेल्या जोडव्यावर पांढऱ्या फडक्यानं टूथपावडर घासून बघा. फडक्यावरच्या काळ्या डागात चांदीच असते. जोडव्याचं फारसं बिघडत नाही, पण दोनेक हजार वर्षांच्या आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या, नाण्याचं वजन जेमतेम सव्वातीन ग्रॅम. त्यावरचे सूर्य, झाड असे उथळ ठसे पुसले, की नाणं कुठलं हे सांगणार कसं? संग्राहकही घासलेल्या नाण्याला कमीच भाव देतात.

खोट्याची शंका असेल तर सोनाराच्या काट्यावर वजन करा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजून थोडा कमी भरेल, जास्त नाही.

आणि गाडगं खरंच सापडलंच, तर चिकटलेली नाणी सुटी न करता मातीसकट ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. कायद्यानं ते बंधनकारक आहे, आपल्या शेतात सापडलं तरी.