आमना घरमाच शुगर शे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, पंगत बसली, की आमच्या घरात आधी इन्सुलिनचं पेन निघतं, मग खापरावरचा मांडा. "आमना घरमाच शुगर शे," म्हणत मोठी आत्या पोटाला सुई टोचते आणि मांडा आमरसात बुडवते. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा काका, सत्तरीतही बिनशुगरचा. निदान तो तसं सांगतो. आईबाप तेच, खापरही तेच.

पण जनुकं तीच नाहीत. प्रत्येक मूल आईकडून निम्मी, बापाकडून निम्मी घेतं आणि दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. टाइप २ मधुमेहाशी नातं असलेल्या जनुकांतल्या अशा बदलांच्या शेकडो जागा आता माहीत आहेत. बहुतेकींचा हात चिमूटभरच. त्यातल्या त्यात दांडगी टीसीएफ७एल२ या जनुकातली. ती २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी शोधली आणि पुढच्याच वर्षी पुण्याचं केईएम रुग्णालय व हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था यांच्या गटाला भारतीयांतही सापडली. फरक डीएनएच्या एका अक्षराचा: 'सी'च्या जागी 'टी'. एका पालकाकडून 'टी' आला तर धोका साधारण १.४ पट, दोघांकडून आला तर दुपटीच्या आसपास.

हे अक्षर करतं काय? घास पोटात गेला की आतड्यातून निघालेली संप्रेरकं स्वादुपिंडाला वर्दी देतात, साखर येतेय. 'टी'वाल्यांत वर्दी पोचते, पण इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दुपारच्या झोपेतून उठवल्यासारख्या उठतात. इन्सुलिन कमी पडतं.

तरी हे कपाळावरचं लिखाण नव्हे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीवर असलेल्यांत दोन 'टी'वाल्यांना मधुमेह ठळकपणे जास्त झाला. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि ७ टक्के वजन उतरवणं हे ज्यांच्या मागे लावलं, त्यांच्यात तो फरक बराच मिटलेला दिसला.

आता काका जन्मभर केळीच्या बागेत राबला, आत्या बँकेत बसून होती. त्याला जनुकांनी वाचवलं की बागेनं? एका जोडीवरून ते ठरत नाही. जनुक तपासणीच्या जाहिराती मात्र तसं भासवतात. माझ्या मते त्या पैशांत दहा वर्षं उपाशीपोटीची साखर तपासून होईल.

जेवणानंतर दोन तासांनी आत्याने यंत्र काढलं, स्वतःचं बोट टोचलं आणि नवी पट्टी काकापुढे धरली.

"माले काय व्हयेल शे?" म्हणत त्याने हात धोतरात लपवला. आयुष्यात एकदाही त्याने साखर तपासलेली नाही.