तोंडातील शस्त्रक्रियेनंतरची घरची काळजी

दात किंवा दाढ काढणे, हाडात रुतलेली अक्कलदाढ तुकडे करून काढणे, हिरडीची वा जबड्याची छोटी शस्त्रक्रिया अशा उपचारांनंतर रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. जखम भरते ती घरीच. दात काढला असेल तर सगळी भिस्त रिकाम्या खळग्यात साकळलेल्या रक्ताच्या गुठळीवर असते. ही गुठळी उघडे हाड झाकते आणि तिच्याच आधाराने पुढे नवी ऊती वाढते. जोरात थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, धूम्रपान करू नका या सूचना सुट्या सुट्या वाटल्या, तरी पहिल्या दिवशी त्या सगळ्यांचा रोख ही गुठळी जागची हलू नये याकडेच असतो.

खळग्यावर ठेवलेली गॉजची (जाळीदार पट्टीच्या कापडाची) घडी साधारण ३० ते ४५ मिनिटे घट्ट चावून धरायची असते. रक्त थांबले का, हे पाहायला दर पाच मिनिटांनी ती काढणे ही सर्रास होणारी चूक. घडीबरोबर नुकती धरू लागलेली गुठळीही ओढली जाते आणि रक्त पुन्हा सुरू होते. पहिले २४ तास थोडे रक्त पाझरणे स्वाभाविक आहे. थेंबभर रक्तानेही तोंडभर लाळ लाल होते, त्यामुळे सकाळी उशीवर गुलाबी डाग दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. रक्त वाढलेच, तर ताठ बसून ओलसर गॉज पुन्हा अर्धा तास दाबून धरावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ती परस्पर बंद करू नयेत.

भूल उतरेपर्यंत ओठ, गाल आणि जीभ आपली वाटत नाहीत. या काळात चावून खाल्ले तर गाल चावला जातो. लहान मुले बधिर ओठ गंमत म्हणून चघळतात आणि भूल उतरल्यावर तो सुजून येतो. सांगितलेली वेदनाशामक गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी घेतली, तर ठणका आटोक्यात राहतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या हिरडीवर दाबून ठेवण्याचा जुना उपाय मात्र घातक आहे. तिथली त्वचा भाजल्यासारखी पांढरी पडते.

सूज लगेच दिसत नाही; ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. हे आधी माहीत नसले, की तिसऱ्या दिवशी आरशात पाहून शस्त्रक्रिया बिघडली असे वाटू लागते. पहिल्या दिवशी गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे ठेवून तेवढाच वेळ काढतात. झोपताना डोके उंच ठेवल्यानेही बरे वाटते. अक्कलदाढ काढल्यावर काही दिवस जबडा आखडतो आणि तोंड नीट उघडत नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या गुळण्या करतात. पाणी तोंडात खळखळवायचे नसते. मान तिरकी करून ते जखमेवरून फिरवावे आणि आपोआप बाहेर पडू द्यावे. बाकीचे दात मऊ ब्रशने घासायचेच. खळग्यात दिसणारा पिवळट-पांढरा थर बहुधा पू नसतो, भरत्या जखमेचे आवरण असते. तो खरवडू नये.

गुठळी निघून गेली किंवा वेळेआधी विरघळली, की 'ड्राय सॉकेट' (कोरडा खळगा) होते. हे नाव दंतवैद्य क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये वापरले. याची खूण म्हणजे कमी होत आलेले दुखणे दोन-तीन दिवसांनी उलटून जोराने सुरू होते, कानापर्यंत कळ जाते आणि तोंडाला घाण वास येतो. खालच्या अक्कलदाढेनंतर आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक आढळते. यावर घरगुती इलाज शोधत बसू नये. दंतवैद्य खळगा धुऊन औषधी पट्टी भरतात आणि बऱ्याचदा त्याच दिवशी आराम पडतो.

दाबूनही न थांबणारे रक्त, ताप, तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, दुसऱ्या दिवशीही न गेलेला ओठाचा वा जिभेचा बधिरपणा यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना कळवावे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर थेट रुग्णालय गाठावे. वरची दाढ काढल्यावर पाणी नाकात येत असेल, तर सायनसशी (दाढेच्या वर असलेल्या, नाकाला जोडलेल्या हाडातील पोकळीशी) मार्ग खुला झाला असण्याची शक्यता असते. अशा वेळी नाक जोरात शिंकरू नये आणि शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी.

हिरडी काही आठवड्यांत मिटते. आतले हाड भरायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात जिभेला एखादे टोकदार कण टोचू लागते आणि दाताचा तुकडा आत राहिला अशी शंका येते. बहुतेकदा ती हाडाची कपची असते आणि आपसूक बाहेर पडते, पण कधी कधी तो खरोखरच मुळाचा तुकडा असतो. तेव्हा एकदा दाखवून घेतलेले बरे.