नाकातून गळणारं मेंदूचं पाणी: भोक बुजवलं तरी पुन्हा का गळतं?

खाली वाकलं की एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ स्राव टपटपतो, घशात खारट चव येते आणि सर्दीच्या गोळ्यांनी काही फरक पडत नाही. हे पाणी बाटलीत जमवून त्यात बीटा-2 ट्रान्सफेरिन आहे का ते तपासावं. साध्या शेंबडात ते नसतं. सापडलं, तर कवटीच्या तळाला पडलेल्या भोकातून गळतोय तो मेंदूभोवतीचा द्रव, म्हणजे सीएसएफ.

बहुतेक गळत्या नाकातून दुर्बीण घालून पहिल्याच प्रयत्नात बंद होतात. खरी कसोटी आपोआप सुरू झालेल्या गळतीत लागते. रुग्ण बहुधा वजन जास्त असलेली मध्यमवयीन स्त्री. कवटीतला दाब वर्षानुवर्षं वाढलेला असतो. त्यानं कवटीच्या तळाचं हाड झिजतं आणि भोकातून मेंदूचं आवरण, कधी मेंदूचा भागही, खाली उतरतो. शरीर रोज सुमारे 500 मिली सीएसएफ बनवतं. गळती चालू असेपर्यंत दाब उतरत राहतो, त्यामुळे तेव्हा मोजला तर तो नॉर्मलही येतो! भोक बुजवलं की तो चढतो आणि ठिगळ उचकटतं किंवा शेजारचं पातळ हाड फुटतं. म्हणून दुरुस्तीनंतर कमरेतून सुई घालून तो पुन्हा मोजायलाच हवा. दाब 25 सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाच्या वर असेल तर ॲसिटाझोलामाइड (सीएसएफ कमी बनवणारं औषध), वजन घटवणं आणि काहींना शंट, म्हणजे जास्तीचा द्रव शरीरात दुसरीकडे नेणारी नळी.

दुरुस्तीत भोकाच्या कडेचं नाकाचं अस्तर खरवडून हाड उघडं करतात. अस्तर राहिलं तर ठिगळ चिकटत नाही, शिवाय त्याखाली शेंबडाची गाठ वाढते. मग मांडीचा फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) किंवा पोटाची चरबी आतून बसवतात. भोक मोठं असेल तर वरून नाकाच्या पडद्याचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट उचललेला अस्तराचा तुकडा, येतो. अर्जेंटिनाचे सर्जन हदाद आणि बासागास्तेगी यांची ही पद्धत 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. फ्लॅप मागच्या बाजूला स्वतःच्या रक्तवाहिनीला जोडलेला राहतो, म्हणून रेडिएशन झालेल्या जागीही तगण्याची शक्यता जास्त. तो चारही बाजूंनी उघड्या हाडाला टेकला पाहिजे, आणि अस्तराची बाजू नाकाकडेच हवी. आधीच्या शस्त्रक्रियेत पडदा वापरला गेला असेल तर कपाळामागच्या डोक्याच्या कातडीखालचं, कवटीवरचं आवरण वळवून आणतात.

काहींना काही दिवस कमरेत ड्रेन, म्हणजे सीएसएफ बाहेर काढणारी नळी, ठेवतात, साधारण तासाला 10 मिली. जास्त काढलं तर नाकातली हवा कवटीत ओढली जाते. घरी गेल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची, शौचाला कुंथायचं नाही. ताप आला, मान ताठली किंवा खारट पाणी पुन्हा आलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मेंदूज्वर वाट पाहत नाही.